डांबरी की मुरमाचा?

ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन घेतलेल्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. रिव्हर्स घेता येते का? आत संडास आहे का? आणि आउटबॅकमध्ये जाणार असाल तर डांबरी रस्त्याने जाणार की कच्च्या? पहिल्याचं उत्तर 'बायको मागे उभी राहून हातवारे करत असेल तर येते'. दुसऱ्याचं उत्तर 'आहे, पण तो रिकामा कोणी करायचा यावर घरात एकमत नाही'. आजचा लेख तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

पुण्या-बंगलोरच्या मंडळींसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं, ती गाडीच्या मागे हुकाला अडकवून ओढायची. आमची भरून साधारण २,२०० किलो होते. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, बेसिन, पाण्याच्या टाक्या, आणि आमच्या घरात तरी लोणच्याच्या दोन बरण्या आणि कुकर. इथल्या नियमाप्रमाणे २,००० किलोच्या वर वजन गेलं की कॅराव्हॅनच्या सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि ती चुकून गाडीपासून सुटली तर आपोआप ब्रेक लागतील अशी सोय हवी. थोडक्यात, हे खेळणं नाही. एक लहानसा हत्ती दोरीने बांधून नेण्याचा प्रकार आहे.

आणि आउटबॅक म्हणजे या देशाचं प्रचंड, कोरडं, जवळजवळ रिकामं पोट. तिथे रस्ते ढोबळमानाने दोन जातींचे. एक सील्ड, म्हणजे आपला डांबरी. दुसरा ग्रॅव्हल. याला मराठीत 'खडीचा' म्हणतात, पण मला 'मुरमाचा' जास्त बरोबर वाटतो, कारण सोलापूरकडच्या शेतरस्त्यांवर टाकतात तसाच तो दिसतो. फक्त लाल, आणि संपतच नाही असा.

या प्रश्नावर लोकांचे दोन गट आहेत. पहिला म्हणतो, डांबर सोडून कॅराव्हॅन नेणं शुद्ध वेडेपणा. दुसरा म्हणतो, डांबरावरूनच जायचं तर विमानाने जा की! आपल्याकडे टॅब विरुद्ध स्पेस यावर जशी भांडणं होतात तशीच ही, आणि तितकीच निष्फळ. कारण दोघेही उत्तर देतात ते स्वतःबद्दल. रस्त्याबद्दल कोणी बोलत नाही. मागे काय बांधलंय आणि गाडीत कोण बसलंय याबद्दल तर नाहीच नाही.

आमच्यावर ही वेळ आली ती आई-बाबा अॅडलेडला आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले तेव्हा. बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. पीडब्ल्यूआय, म्हणजे रूळ, स्लीपर, खडी, गँगमन यांच्यात सगळी नोकरी गेली, त्यातली बरीच वर्षं सोलापूर-कुर्डुवाडी भागात. सिडनीचा ऑपेरा हाउस त्यांनी दहा मिनिटांत उरकला. पण 'घान' नावाची एक जुनी रेल्वे होती, वाळवंटातून जायची, १९८० साली बंद झाली आणि तिचे अवशेष अजून पडून आहेत, एवढं सांगितल्यावर ते खुर्चीत पुढे सरकून बसले. आईला अॅलिस स्प्रिंग्ज आणि उलुरू बघायचं होतं. आईला डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे. आणि दोघांनीही आधीच जाहीर केलं होतं की इतका लांबचा प्रवास पुन्हा जमणार नाही, गुडघे ऐकत नाहीत. म्हणजे जे दाखवायचं ते याच फेरीत.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. अॅडलेडहून उत्तरेला ३०० किलोमीटरवर पोर्ट ऑगस्टा. तिथून अॅलिस स्प्रिंग्जकडे जायला दोन वाटा.

पहिली स्टुअर्ट हायवे. पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, २,७०० किलोमीटरच्या वर, सगळा डांबरी. साउथ ऑस्ट्रेलियातला भाग डांबरी व्हायला १९८७ साल उजाडलं. वाटेत पिंबा, ग्लेनडॅम्बो, मग अडीचशे किलोमीटर पेट्रोल पंपसुद्धा नाही, मग ओपलच्या खाणींचं कूबर पीडी, तिथून आणखी २३४ किलोमीटरवर मार्ला. रस्ता उत्तम. कंटाळा त्याहून उत्तम.

दुसरी वाट जरा पूर्वेकडून. फ्लिंडर्स पर्वताच्या कडेने हॉकर, ली क्रीक, लिंडहर्स्ट करत मरी नावाच्या चिमुकल्या गावाला जायचं. तिथून ऊडनाडॅटा ट्रॅक सुरू होतो. मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडॅटा, मार्ला. सुमारे ६२० किलोमीटर मुरूम. मार्लाला पुन्हा स्टुअर्ट हायवे भेटतो. जुन्या घान रेल्वेचे अवशेष आहेत ते सगळे या दुसऱ्या वाटेवर. पहिलीवर एकही नाही.

दोन्ही वाटा शेवटी मार्लालाच पोचतात, मग एक डांबरी आणि एक कच्ची असं का? मला वाटायचं सरकारने एक निवडली, दुसरीला पैसे पुरले नाहीत, संपलं. पण बाबांना दाखवायचं म्हणून वाचत गेलो तेव्हा कळलं की यामागे एक फार सुंदर इंजिनिअरिंगची गोष्ट आहे.

या कोरड्या भागाच्या पोटात ग्रेट आर्टेजियन बेसिन आहे. १७ लाख चौरस किलोमीटर पसरलेला भूजलाचा साठा, म्हणजे महाराष्ट्राच्या साडेपाच पट. त्याच्या कडेला काही ठिकाणी पाणी आपणहून वर येतं आणि झरे तयार होतात. हे झरे ओळीने आहेत, जणू कोणी पाणपोया मांडून ठेवल्यात. इथले मूळ रहिवासी अराबाना लोक हजारो वर्षं याच झऱ्यांच्या आधाराने ये-जा करत आले. जॉन मॅकडूअल स्टुअर्ट हा गोरा प्रवासी १८५८ ते १८६२ मध्ये याच ओळीने उत्तरेला गेला. त्याच्यामागून १८७२ मध्ये पूर्ण झालेली तारयंत्राची लाईन आली. तिच्यावरून अॅडलेडची तार डार्विनला, तिथून समुद्राखालून जावा, सिंगापूर, मद्रास, आणि मग आपल्या मुंबईवरून लंडनला जायची. मुंबईचा या वाळवंटाशी असाही संबंध असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

नंतर आली रेल्वे. वाफेच्या इंजिनाला दर थोड्या अंतराने पाणी लागतं, म्हणून तीही झऱ्यांच्या कडेने. १८९१ मध्ये ऊडनाडॅटाला पोचली, १९२९ मध्ये अॅलिस स्प्रिंग्जला. रेल्वे येण्याआधी आणि आल्यावरही पुढची सगळी मालवाहतूक उंटांवर. उंटवाल्यांना सरसकट 'अफगाण' म्हणत, त्यावरूनच गाडीचं नाव घान पडलं अशी आख्यायिका. प्रत्यक्षात त्यांतले बरेच बलुचिस्तान, सिंध, पंजाबातले. उंटांची पहिली मोठी खेप कराचीहून १८६५ च्या अखेरीस पोर्ट ऑगस्टाला उतरली, आणि तेव्हाचं कराची होतं मुंबई इलाख्यात!

आता गंमत बघा. पाण्याच्या शोधात आखलेली लाईन ही पाण्याच्याच वाटेत येणार. इथे पाऊस क्वचित पडतो, पण पडला की सपाट जमिनीवरून पाणी मैलोन्मैल पसरतं. रूळ वाहून जायचे, गाड्या दिवसेंदिवस अडकायच्या. अखेर १९८० मध्ये ही लाईन सोडून दिली आणि टारकूलाहून अॅलिसला नवी लाईन टाकली, पश्चिमेला दूर, जास्त कोरड्या भागातून. डिझेल इंजिनाला झरे लागत नव्हते ना. आजचा हायवेही त्या पश्चिमेकडच्या बाजूचाच.

हे सगळं मी जेवताना सांगत होतो. बाबा शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "पाण्याच्या वाटेत लाईन टाकली की पाणी दरवर्षी भाडं वसूल करतं. आमचा अर्धा पावसाळा पेट्रोलिंगमध्येच जायचा."

म्हणजे बघा, एक वाट पाणी शोधत गेलेली आणि एक पाणी टाळत गेलेली. जुनी वाट बघण्यासारखी आहे ती पाण्यामुळे, आणि बेभरवशाची आहे तीही पाण्यामुळेच. आणखी एक खोच म्हणजे स्टुअर्टचं नाव मिळालं डांबरी रस्त्याला, पण त्याची इथली वाट मात्र कच्च्या रस्त्याने ठेवली.

इतिहास बाजूला ठेवून आता भौतिकशास्त्र. मुरमाच्या रस्त्यावर खड्ड्यांपेक्षा जास्त छळतात त्या पन्हळी. पन्हळी पत्रा आडवा टाकून त्यावरून गाडी न्यावी तसं वाटतं. मला वाटायचं हा ट्रकवाल्यांच्या सस्पेन्शनचा प्रताप असावा. पण २००७ साली टॅबरले, मॉरिस आणि मॅकएल्वेन या तिघांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये यावर पेपर लिहिला. गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर एक साधं चाक फिरवायचं, असा प्रयोग. चाकाला स्प्रिंग नसली तरी, आणि ते टणक असलं तरीही, ठरावीक वेगाच्या वर पन्हळी उठतातच. बारीकशा उंचवट्यावर चाक किंचित उडतं, पुढे पडतं, पडताना माती ढकलतं आणि पुढचा उंचवटा तयार करतं. तळ्यावर भाकरीसारखी चपटी चिपळी फेकली की ती टप्पे घेत जाते, त्याच्याशी हे गणित जुळतं. ग्रेडर फिरवून रस्ता सपाट केला तरी रहदारी सुरू झाली की पन्हळी परत येतात. थोडक्यात, हा बग नाही, सिस्टिमचा स्वभाव आहे :)

इंजिनिअर असल्यामुळे मी लगेच कागद घेतला. दोन पन्हळींत ८० सेंटीमीटर अंतर धरा. ताशी ६० च्या वेगाने सेकंदाला साधारण २१ धक्के. ६२० किलोमीटरपैकी एक तृतीयांश रस्ता जरी पन्हळी असला तरी अडीच लाखांच्या वर धक्के. गाडी हे सहन करायलाच बनवलेली असते. पण मागे जे घर येतंय त्याचा विचार करा. कपाटांचे स्क्रू, पाण्याच्या नळ्यांचे जोड, गॅसचे जोड, फ्रिजचं दार, बेसिनखालचा सांधा. तुमच्या फ्लॅटमधल्या मॉड्युलर किचनला सेकंदाला २१ दणके तीन दिवस दिले तर काय उरेल? म्हणून कॅराव्हॅन विकणारे स्पष्ट वर्गवारी करतात. डांबरी रस्त्याची, थोड्या कच्च्याची, आणि खास ऑफरोडची. चुकीच्या वर्गाची नेऊन मोडली तर वॉरंटी हात वर करते. आमची मधल्या वर्गातली. 'चांगल्या स्थितीतले कच्चे रस्ते चालतील' असं तिच्या पुस्तिकेत लिहिलंय. चांगली स्थिती कोणी ठरवायची ते लिहिलेलं नाही.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. टायरमधली हवा कमी करायची, आम्ही ४० वरून २८ पीएसआयवर आणतो. टायर जरा पसरतो, धक्का गिळतो, कापला जाण्याची शक्यताही कमी होते. हवा कमी केली की वेगही कमी ठेवायचा, नाहीतर टायर तापतो. काही अनुभवी लोक सांगतात की ताशी ८० ने गेलं की गाडी पन्हळींच्या माथ्यावरून तरंगत जाते. खरं आहे. पण तरंगणं म्हणजे टायर जमिनीला कमी टेकणं, आणि कमी टेकणं म्हणजे ब्रेक आणि स्टीअरिंग कमी लागणं. एकटी गाडी असेल तर एखादा निभावून नेईल. मागे सव्वादोन टन असताना मला ते धाडस वाटत नाही, उधारी वाटते.

दुसरी गोष्ट दगड. गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेला दगड कॅराव्हॅनच्या कपाळावर आपटतो आणि उलटा येऊन गाडीचीच मागची काच फोडतो. ही दंतकथा नाही, म्हणूनच लोक मध्ये जाळी बांधतात. तिसरी धूळ. ती इतकी बारीक असते की बंद कपाटातल्या बंद डब्यातल्या पोह्यांतही सापडते. आणि चौथी म्हणजे रोड ट्रेन, तीन-तीन ट्रेलर लावलेला, जास्तीत जास्त साडेत्रेपन्न मीटर लांबीचा ट्रक. डांबरावर तो समोरून आला तर नुसता वाऱ्याचा धक्का बसतो. मुरमावर तो गेल्यावर मिनिटभर काहीच दिसत नाही. अशा वेळी डावीकडे घेऊन गप्प थांबायचं. वायरलेस सेट मात्र असावा. ट्रकवाले बहुतेक चॅनेल ४० वर असतात.

पण या सगळ्याहून मोठा मुद्दा पावसाचा. मुरमाच्या रस्त्यावर दहा-पंधरा मिलिमीटर पाऊसही माती लोण्यासारखी करायला पुरतो. मग राज्य सरकार रस्ता बंद करतं. ट्रॅकच्या तोंडाशी मोठा फलक असतो, कुठला टप्पा उघडा, कुठला बंद. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो, आणि तो योग्यच आहे, कारण ओल्या रस्त्यावर पडलेले चर वाळून दगडासारखे होतात आणि पुढच्या सगळ्यांना भोगावे लागतात. तुम्ही मधेच असाल तर जिथे आहात तिथे थांबायचं. एक दिवस, तीन दिवस, आठवडा, कोणी सांगू शकत नाही. डांबरी रस्ताही अमर नाही. जानेवारी २०२२ च्या पुरात स्टुअर्ट हायवे ग्लेनडॅम्बोजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. पण डांबरी रस्ता बंद झाला तर ती राष्ट्रीय बातमी होते. मुरमाचा बंद झाला तर तो मंगळवार असतो.

इथे बायकोने एकच प्रश्न विचारला. "पोचू का ते नकोय मला. निम्म्यावरून परत फिरावं लागलं तर?"

आयटीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करू नये असं आपण म्हणतो ते रिलीज फसेलच म्हणून नाही. फसलं तर रोलबॅक करायला माणसं नसतात म्हणून. कच्च्या रस्त्याचं अगदी तसंच आहे. एकटी गाडी असेल तर कुठेही वळवता येते. मागे कॅराव्हॅन असेल तर ग्रेडरने दोन्ही कडांना मातीचे बांध घातलेले असतात, पलीकडे भुसभुशीत वाळू, आणि यू टर्नला जागा शोधत दहा-दहा किलोमीटर पुढे जावं लागतं. एक्सल मोडला तर तिला उचलून आणायचा खर्च ऐकून पोटात गोळा येतो, आणि विमा घेताना तो कच्च्या रस्त्यावर लागू आहे का हे बारीक अक्षरात वाचावं लागतं.

मग आईचा प्रश्न. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. चालू पेन चार आठवडे बाहेर चालतं, पण फार तापू द्यायचं नाही. हिवाळ्यात तिथली हवा छान गार असते, आणि गाडीत छोटा बॅटरीवरचा फ्रिज होताच. म्हणजे इन्सुलिनची काळजी नव्हती. काळजी होती ती रात्री-अपरात्री साखर खाली गेली, उलट्या सुरू झाल्या आणि रस्ता बंद असला तर काय याची. कूबर पीडीला हॉस्पिटल आहे. ट्रॅकवर काही झालं तर फ्लाइंग डॉक्टर, म्हणजे १९२८ पासून चालू असलेली विमानातून येणाऱ्या डॉक्टरांची सेवा. जगात तिला तोड नसेल, पण तिच्यावर विसंबून सहल आखणं मला पटेना. आई स्वतः मात्र बिनधास्त. "अरे, कुर्डुवाडीला तरी कुठे होतं हॉस्पिटल रात्री?" म्हणाली.

चार संध्याकाळी चर्चा केल्यावर ठरलं ते असं. कॅराव्हॅन डांबरावरच राहील. स्टुअर्ट हायवेने कूबर पीडीला जायचं, तिथल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये ती उभी करून ठेवायची. मग गाडीत पाणी, दोन स्पेअर टायर, सॅटेलाइटवरून मेसेज पाठवायचं यंत्र, आईचा फ्रिज आणि थेपले घेऊन विल्यम क्रीकला. कूबर पीडीहून १६६ किलोमीटर मुरूम, पण आपण सुटे. विल्यम क्रीक म्हणजे एक हॉटेल, एक धावपट्टी आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. चारी बाजूंनी अॅना क्रीक स्टेशन, गुरं पाळायचा जगातला सगळ्यात मोठा मळा म्हणून प्रसिद्ध. तिथे खोली घेऊन दोन रात्री. मधला एक दिवस बाबांचा.

त्या एका दिवसात उत्तरेला अल्जेबकिना पूल, नाहीतर दक्षिणेला कर्डीमर्का स्टेशन, दोन्ही नाही. अल्जेबकिना हा जुन्या घानचा अर्धा किलोमीटरहून लांब लोखंडी पूल, १८९२ चा. माझा कल पुलाकडे होता. बाबांना विचारलं. म्हणाले, "पूल इंग्रजांनी आपल्याकडेही पुष्कळ बांधलेत. तिथे रूळ आहेत म्हणालास ना? रूळ बघू."

कर्डीमर्काला एक दगडी घर आहे, पाण्याची उंच टाकी आहे, आणि थोड्या अंतरापुरते रूळ अजून जागेवर आहेत. भोवती क्षितिजापर्यंत काही नाही. बाबा गाडीतून उतरले आणि न बोलता रुळाशी गेले. पावलाने अंतर मोजलं. "ना मीटर, ना ब्रॉड. साडेतीन फूट आहे हा." बरोबर होतं. तीन फूट सहा इंच. मग बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी गेज, कुर्डुवाडीचं वर्कशॉप, तिथली माणसं, सगळं आलं. स्लीपरची एक खीळ सैल होती, ती त्यांनी बुटाच्या टाचेने दोनदा ठोकली. आई गाडीच्या सावलीत बसून म्हणाली, "रिटायर होऊन सोळा वर्षं झाली, अजून इन्स्पेक्शन संपत नाही."

मी रेल्वेवाल्याचा मुलगा. लहानपणी बाबा पावसाळ्यात घरी नसायचे, एवढंच मला त्यांच्या नोकरीबद्दल पक्कं माहीत होतं. पाण्याने वाहून गेलेल्या एका लाईनवर उभं राहून, पाणी लाईनच्या बाजूने कसं वाढतं, गँगमन कंदील घेऊन रात्री किती चालतो, गाडी थांबवायचा निर्णय कोण घेतो, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. "गाडी उशिरा गेली म्हणून आजपर्यंत कोणी मेलं नाही," म्हणाले. "आम्ही थांबवायचो. शिव्या खायचो. पण थांबवायचो."

अल्जेबकिना राहिला. बाबा तो आता बघतील असं वाटत नाही, आणि ते मला टोचतं, खोटं कशाला बोलू. ६२० किलोमीटरचा ट्रॅक कॅराव्हॅनसकट केला असता तर पूल दिसला असता, ऊडनाडॅटाचं ते प्रसिद्ध गुलाबी रोडहाउस दिसलं असतं, फोटो झकास आले असते. कदाचित काहीही मोडलं नसतं. बहुतेकांचं मोडत नाही. पण 'बहुतेक' हा शब्द मी माझ्या गाडीतल्या माणसांकडे बघून वापरतो. दोघंच असतो आणि पंधरा दिवस मोकळे असते, तर उत्तर वेगळं आलं असतं.

म्हणून हल्ली मला कोणी विचारलं की मी रस्त्याचं नाव विचारत नाही. तीन गोष्टी विचारतो. मधेच अडकलात तर हाताशी रिकामे दिवस किती आहेत? मागे जे ओढताय ते कशासाठी बनवलंय, आणि वजनकाट्यावर घालून बघितलंय का, की पुस्तिकेवर विश्वास ठेवलाय? आणि गाडीत असं कोणी आहे का, ज्याला आठवडाभर थांबणं परवडणार नाही? तिन्हींची उत्तरं चांगली असतील तर खुशाल मुरमाने जा, सकाळी निघताना फलक वाचा, हवा कमी करा, सावकाश जा. एखादं जरी अडलं तर घर डांबरावर ठेवा आणि सुट्या गाडीने जा. मधला मार्ग आहे हेच अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण भांडण दोनच बाजूंचं असतं.

आणि एक. हा प्रश्न फार वर्षं टिकणारही नाही. लिंडहर्स्टहून इनामिंकाला जाणारा स्ट्रझेलेकी ट्रॅक टप्प्याटप्प्याने डांबरी होतोय. पश्चिमेकडचा ग्रेट सेंट्रल रोडही तसाच. आमच्यासारखे वीकांतवाले हळहळतात, मजा गेली म्हणतात. विल्यम क्रीकच्या हॉटेलात एका ट्रक ड्रायव्हरशी गप्पा झाल्या. गावोगावच्या दुकानांत भाजी आणि दूध पोचवायचं त्याचं काम. मी त्याला विचारलं, कच्चा रस्ता राहिला पाहिजे असं नाही वाटत? तो जरा हसला आणि म्हणाला, "तुम्ही इथे कितीदा येता?"

उत्तर त्यालाही माहीत होतं, मलाही. बाबांना ते वाक्य भाषांतर करून सांगितलं, तर त्यांनी त्या ड्रायव्हरशी उठून हात मिळवला.